उपकेंद्राला सिस्टर हवी, तर शिष्यवृत्ती अशी द्या

तालुक्यातली धर्मादाय संस्था, नफ्यातला वाटा समाजासाठी बाजूला काढणारी पतसंस्था, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ, उत्सवातून उरलेला निधी सांभाळणारा ट्रस्ट, यांच्यापैकी कुणीतरी कधीतरी ठरवतं: आपल्या आरोग्य उपकेंद्राला सिस्टर (परिचारिका) नाही, तर आपल्याच भागातल्या मुलीला नर्सिंगला घालू, खर्च आपण करू, ती शिकून परत येईल.

विचार बरोबर आहे. दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी कसे मिळवावेत आणि टिकवावेत याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२१ साली त्या सुधारल्या. ग्रामीण भागातल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य द्यावं आणि सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती द्यावी, या शिफारशी त्यात आहेत. पण फी भरली म्हणजे सिस्टर मिळाली असं होत नाही. मुलगी निवडल्यापासून ती उपकेंद्रात हजर होईपर्यंत अडीच-तीन वर्षं जातात, आणि एवढ्या काळात ती हातून निसटण्याच्या काही ठराविक जागा आहेत. बहुतेक ठिकाणी निधी कमी पडत नाही, या जागांवर कुणाचं लक्ष नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या.

पहिली पायरी: पद रिकामं का आहे ते शोधा

तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातून प्रत्येक उपकेंद्राची माहिती घ्या. तीन रकाने हवेत: मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्यक्ष हजर कर्मचारी. तिसरा रकाना मागितल्याशिवाय मिळत नाही आणि खरी गोष्ट तिथेच असते. कागदावर भरलेल्या पदावरची व्यक्ती प्रतिनियुक्तीवर तालुक्याच्या गावी बसलेली असू शकते. तोंडी विचारून माहिती मिळाली नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा.

सोबत लोकसंख्येचा हिशेब मांडा. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० मागे उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे.

आता कारण पाहा. पदच मंजूर नसेल तर शिष्यवृत्तीचा काही उपयोग नाही, तिथे पद मंजूर करून घेण्याची मागणी लावून धरावी लागते. पद मंजूर आहे पण भरतीच निघत नाही, अशी स्थिती असेल तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं किंवा धर्मादाय रुग्णालयं हा मार्ग उरतो. भरती होते, पण बाहेरगावचे उमेदवार हजरच होत नाहीत किंवा वर्षभरात बदली करून घेतात, असं असेल तर मात्र स्थानिक मुलीला शिकवण्याचा उपाय नेमका लागू पडतो. शैक्षणिक मदत हे याच दुखण्याचं औषध आहे. बाकीच्या दोन दुखण्यांवर ते दिलं तर एक मुलगी शिकेल, तिचं भलं होईल, पण उपकेंद्र तसंच राहील.

याच टप्प्यावर आणखी एक शोध घ्या, कारण तो सर्वात स्वस्त पडतो. तालुक्यात एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे दोन आणि तीन वर्षांचे अभ्यासक्रम) झालेली, पण लग्नानंतर घरी बसलेली, परिचर्या (नर्सिंग) परिषदेकडच्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेली एखादी बाई आहे का? आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं. अशा बाईला नोंदणी चालू करून देणं, भरती परीक्षेचा अर्ज भरून देणं, दोन-तीन महिने प्रसूतिगृहात हात पुन्हा बसवायची सोय करणं, एवढ्यावर काम होतं. नव्या मुलीला अडीच-तीन वर्षं लागतात, हिला काही महिने.

दुसरी पायरी: कोणता अभ्यासक्रम

उपकेंद्रासाठी एएनएम. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने आंतरवासिता (इंटर्नशिप). कोणत्याही शाखेतून बारावी चालते. वय १७ ते ३५. फक्त मुलींसाठी. कला शाखेची बारावी झालेल्या मुलींना हीच वाट मोकळी आहे, आणि दुर्गम भागात अशाच मुली जास्त सापडतात.

जीएनएम तीन वर्षांचं, बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा, मुलांनाही खुलं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं, आणि महाराष्ट्रात त्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कुणी हवं असेल तर जीएनएम किंवा बीएस्सीची वाट धरावी लागते, पुढे सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही येतो.

पहिल्यांदाच योजना सुरू करणाऱ्यांनी एएनएमपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च कमी, मुदत कमी, चूक झाली तर दोन वर्षांत कळते. शिवाय बीएस्सी झालेल्या मुलीला शहरातून आणि परदेशातून बोलावणी येतात; तिला तालुक्यात थांबवणं एका छोट्या संस्थेच्या ताकदीबाहेरचं असतं.

तिसरी पायरी: कॉलेज पारखून घ्या

दर वर्षी सर्वात जास्त पैसा इथे बुडतो. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर', 'हॉस्पिटल अटेंडंट' अशा नावांचे सहा महिने-वर्षाचे कोर्स नर्सिंगचे म्हणून विकले जातात. ते करून परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी पदावर अर्जच करता येत नाही.

प्रवेशाआधी तीन गोष्टी तपासा. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या संस्थेचं नाव त्याच वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का. आणि परीक्षा कोण घेतं: एएनएम व जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. 'आमची स्वतःची परीक्षा असते' असं उत्तर आलं तर तिथून उठावं.

मान्यता असली तरी एक पाहणी उरते. मुलींना प्रात्यक्षिकासाठी कुठल्या रुग्णालयात पाठवतात, आणि तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात? प्रत्येक विद्यार्थिनीला ठरावीक प्रसूती स्वतःच्या हाताने करून केस बुकात नोंदवायच्या असतात. बाळंतपणं कमी आणि मुली जास्त असतील तर वही भरते, हात भरत नाही. अशी मुलगी उपकेंद्रात रात्री एकटी असताना घाबरते, आणि घाबरलेली सिस्टर बदली मागते. शक्य असेल तर एखाद्या दुपारी त्या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षाबाहेर थांबून दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला.

चौथी पायरी: मुलगी निवडणं

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर टोकाला इंग्वावुमा नावाचं गाव आहे. तिथल्या मोझवोल्ड रुग्णालयाला बाहेरचे कर्मचारी टिकत नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मंडळींनी स्थानिक मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. अटी साध्या होत्या: मूल त्याच भागातलं हवं, निवडीआधी त्याने रुग्णालयात काही दिवस स्वयंसेवक म्हणून काम केलेलं हवं, निवड समितीत स्थानिक लोक हवेत, सुट्टीत परत येऊन काम करायचं आणि जितकी वर्षं मदत तितकी वर्षं सेवा. आपल्याकडे उचलण्यासारखं सगळ्यात मोलाचं त्यात काही असेल तर ते स्वयंसेवेचे दिवस.

तुम्हीही मुलाखतीआधी प्रत्येक मुलीला सहा दिवस उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवा. यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. मुलीला सुई, औषध, रुग्णाचे कागद यांना हात लावू द्यायचा नाही. लसीकरणाच्या दिवशी रांग लावणं, आशाताईंबरोबर गृहभेट, वजनाच्या नोंदी वाचून दाखवणं, एवढंच काम. सहा दिवसांत रक्त पाहून चक्कर येते का, म्हाताऱ्या माणसाशी कशी बोलते, पाचव्या दिवशीही वेळेवर येते का, हे दिसतं. काही मुली स्वतःच्या पायाने माघार घेतात. ती माघार दोघांच्याही हिताची असते.

गुणांचा भार एवढाही वाढवू नका की तालुक्याच्या गावची, शिकवणी लावलेली मुलगीच निवडून येईल. पास होण्यापुरती तयारी आहे का पाहा, बाकी वजन घर कुठे आहे याला द्या. घर म्हणजे रेशनकार्डावरचा पत्ता नव्हे. शाळा कुठे झाली ते दाखल्यावर पाहा. पहिली ते दहावीपैकी बहुतेक वर्षं तालुक्यातल्या खेड्यात गेलेली असावीत. कातकरी, कोरकू, माडिया, भिल्ल वस्त्यांना सेवा द्यायची असेल तर तिथली बोली येणारी मुलगी पाच टक्के कमी असली तरी घ्या.

निवड समिती पाच जणांची पुरे: संस्थेचे दोन, निवृत्त किंवा कार्यरत सिस्टर एक, आशा गटप्रवर्तक एक, कनिष्ठ महाविद्यालयाचे शिक्षक एक. समितीतल्या कुणाच्या नात्यातली मुलगी असेल तर त्याने त्या दिवशी बाजूला व्हावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

किती मुली घ्याव्यात? एक पद भरायचं तर दोन. एकटी मुलगी वसतिगृहात लवकर खचते, आणि एखादी मध्येच थांबली तरी योजना पूर्ण रिकामी होत नाही. निधी एकीपुरताच असेल तर एक वर्ष थांबून दोघींपुरता जमवा.

वेळापत्रक असं धरा: डिसेंबर-जानेवारीत कनिष्ठ महाविद्यालयांत माहिती, बारावीची परीक्षा आटोपल्यावर स्वयंसेवेचे दिवस, निकाल लागताच मुलाखत. निकालानंतर जाहिरात काढली तर दाखले गोळा करण्यातच प्रवेशाच्या तारखा निघून जातात.

पाचवी पायरी: पैशाचा हिशेब

आधी सरकारी योजना, मग तुमचा पैसा. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास या प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज होतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. त्यात केंद्रीभूत प्रक्रियेतून (शासनाच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांतून) घेतलेला प्रवेश ही कळीची अट आहे, व्यवस्थापन कोट्याला लाभ नाही. आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमाला आणि प्रवेशफेरीला तो लागू आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

इथे एक शंका हमखास निघते: खासगी संस्थेची मदत घेतली तर सरकारी शिष्यवृत्ती जाईल का? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत दुसरी शिष्यवृत्ती घ्यायला मनाई आहे, पण पुस्तकं, साहित्य आणि राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी इतरांकडून मदत घ्यायला हरकत नाही असंही म्हटलेलं आहे. म्हणून शिक्षण शुल्क सरकारी योजनेतून आणि जगण्याचा खर्च तुमच्याकडून, अशी स्वच्छ वाटणी करा आणि मंजुरीपत्रात रकमेचं नाव 'निवास, भोजन व शैक्षणिक साहित्य साहाय्य' असं लिहा.

सरकारी पैसा उशिरा येतो. तोपर्यंत कॉलेज फीसाठी तगादा लावतं, कधी परीक्षेचा अर्ज अडवतं. यासाठी एका वर्षाच्या शुल्काएवढी रक्कम वेगळी ठेवा. ती बिनव्याजी उसनी द्यायची आणि शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यायची; हीच रक्कम पुढच्या मुलीला फिरते. शिष्यवृत्ती अडकण्याची कारणं तीच ती असतात: आधारवर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर नाव वेगळं, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही किंवा जुन्याच खात्याशी जोडलेलं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, जात पडताळणी प्रमाणपत्र नाही. अकरावीत असतानाच या चार गोष्टी तपासून घ्या.

आता राहणीचा खर्च. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमच्या भागातले घाला. दोन वर्षांच्या एएनएमसाठी:

वसतिगृह व मेस, महिना ४,५०० प्रमाणे वर्षाला ११ महिने: ९९,०००
गणवेश, बूट, ओळखपट्टी, नाडी मोजायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ: ६,०००
पुस्तकं, प्रात्यक्षिक वह्या: ५,०००
घरचा आणि पोस्टिंगचा प्रवास, महिना ८०० प्रमाणे: १९,२००
परीक्षा शुल्क, आरोग्य तपासणी, लसी: ५,०००
पहिल्या वर्षी इंग्रजी व शरीररचनेची शिकवणी: ६,०००
निकाल ते पहिला पगार, ५ महिने ४,००० प्रमाणे: २०,०००
परिषदेची नोंदणी व त्यासाठीचे हेलपाटे: ४,०००

एकूण १,६४,२००. त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे १६,४२०. दोन मुलींसाठी सुमारे ३ लाख ६१ हजार, अधिक शुल्काची फिरती रक्कम.

बहुतेक योजनांत शेवटच्या दोन ओळी नसतातच. परीक्षा झाली की मदत बंद होते, मुलगी घरी येते, निकाल आणि नोंदणीची वाट पाहत बसते, घरात पैशाची चणचण असते, आणि शहरातलं एखादं खासगी रुग्णालय राहण्या-जेवणासह काम देऊ करतं. ती जाते. दोन वर्षांचा खर्च या पाच महिन्यांत वाहून जातो. एखादी ओळ कापावीच लागली तर वरची कुठली तरी कापा, या दोन नकोत.

मेसचे पैसे कॉलेजच्या खात्यात, बाकी मुलीच्या स्वतःच्या खात्यात महिन्याच्या १ ते ५ तारखेला. वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यात नाही. एकरकमीही नाही, कारण घरात बियाणं, आजारपण, लग्न काहीतरी निघतंच, आणि वीस हजार रुपये बाजूला ठेवणं कुणालाही जड जातं. बी प्रकारच्या काविळीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन वेळा घ्यायची असते. पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच द्या, म्हणजे सुईशी रोजचा संबंध वाढण्याआधी संरक्षण तयार होतं.

सहावी पायरी: करारनामा

सेवेची मुदत: मदतीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष. जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रांत डॉक्टरकीचा खर्च उचलतात आणि सहा वर्षांच्या शिक्षणामागे नऊ वर्षं, म्हणजे दीडपट, सेवा घेतात. तिथे नेमणुका देणारी यंत्रणा प्रांताच्या हातात आहे. तुमच्या हातात नाही, म्हणून एकास एकच ठेवा.

सेवा कुठे, हे रुंद लिहा. 'अमुक उपकेंद्रात दोन वर्षं' अशी अट घालू नका. ते पद देणं तुमच्या हातात नाही. 'तालुक्यातलं किंवा लगतच्या ग्रामीण तालुक्यातलं कोणतंही उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, आरोग्य अभियानाचं कंत्राटी पद किंवा धर्मादाय रुग्णालय' असं लिहा. नोंदणीनंतर बारा महिने प्रामाणिकपणे अर्ज करूनही काम मिळालं नाही तर सेवेची अट संपते, हेही लिहा.

परतफेड: झालेला प्रत्यक्ष खर्च, तो सेवेच्या महिन्यांनी भागायचा. समजा एका मुलीवर १,६८,००० रुपये खर्च झाले आणि सेवा २४ महिने आहे, तर महिन्याला ७,००० माफ. ती १५ महिन्यांनी गेली तर उरलेल्या ९ महिन्यांचे ६३,००० परत. दहा-वीस लाखांचा दंड लिहिण्याचा मोह टाळा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार कितीही आकडा लिहिला तरी वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे मोठा आकडा न्यायालयात टिकत नाही आणि घरच्यांना मात्र धडकी भरवतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांसाठीची राज्यांची सक्तीच्या सेवेची बंधपत्रं वैध ठरवली, पण ती सरकारी महाविद्यालयातल्या प्रवेशाची आणि राज्याच्या धोरणाची गोष्ट होती. गावच्या ट्रस्टने तो आधार समजू नये. व्याज लावू नका, नाहीतर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा प्रश्न उभा राहील.

लग्नाबद्दल एक शब्दही नको. प्रौढ व्यक्तीच्या लग्नावर बंधन घालणारा करार त्याच करार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुळातच रद्द ठरतो, आणि तो अन्यायही आहे. मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाणार, हे धरूनच चालायचं. तिथे सोय अशी ठेवा: सासरच्या ग्रामीण भागात ती वर सांगितलेल्यांपैकी कोणत्याही ठिकाणी काम करत असेल तर सेवा मोजली जाईल. तुमच्या उपकेंद्राचा तोटा झाला तरी कुठल्यातरी खेड्याला सिस्टर मिळाली. प्रसूती रजेचा काळ सेवेत धरू नका, पण त्यासाठी परतफेडही मागू नका; मुदत तेवढी पुढे सरकते.

निवडीच्या वेळी मुलगी सतरा वर्षांची असेल तर तिच्याशी केलेला करार शून्य असतो, आणि अठरा झाल्यावर 'तोच मान्य आहे' अशी सही घेऊनही तो जिवंत होत नाही. पालकांच्या सहीनेही ती बांधली जात नाही. म्हणून अठरा होईपर्यंतची रक्कम विनाअट मदत म्हणून द्या आणि वाढदिवसानंतर नवा करार करा. त्यात त्यानंतर द्यायच्या पैशाचाच उल्लेख ठेवा. नमुन्याच्या खर्चात पहिल्या सहा-आठ महिन्यांचा हा भाग परत मागता येणार नाही. तेवढी जोखीम घ्यावी.

मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवू नका. ते कुठे ना कुठे सतत लागतात, आणि धाकाने आणलेली सिस्टर रुग्णाशीही तशीच वागते. कोरे धनादेश नकोत, जमिनीचं गहाणही नको. करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, मराठीत, दोन प्रतींत करा. सहीआधी मुलीला आणि आई-वडिलांना तो मोठ्याने वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्या हातात द्या आणि विचार करायला सात दिवस द्या. मसुदा एकदा वकिलांच्या नजरेखालून घाला.

सातवी पायरी: शिकत असताना

पहिले चार महिने सगळ्यात अवघड असतात. मराठी माध्यमातून कला शाखेची बारावी झालेल्या मुलीसमोर एकदम शरीररचना येते, शब्द इंग्रजी असतात, आणि ती गप्प बसते. शिकवणीचे पैसे पहिल्या सहामाहीतच खर्च करा. नापास झाल्यावर लावलेली शिकवणी उशिराची. रोज दहा शब्द, उच्चार आणि मराठी अर्थासह, वहीत लिहायची सवय एवढ्यावरही बरंच निभावतं.

हजेरी हा दुसरा खड्डा. तासांना ८० टक्के हजेरी लागते, पण प्रात्यक्षिकाचे तास प्रमाणपत्राआधी १०० टक्के भरून द्यावे लागतात. चुलत बहिणीच्या लग्नाला आठ दिवस, भात लावणीला दहा दिवस, असं करत करत पन्नास-साठ तास मागे पडतात आणि शेवटी निकाल अडतो. घरच्यांना हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

प्रत्येक मुलीला एक ताई नेमून द्या: तालुक्यातली कार्यरत सिस्टर, शक्यतो त्याच समाजातली किंवा त्याच बाजूच्या गावची. आठवड्याला एक फोन, महिन्याला एक भेट किंवा लांबलचक बोलणं. ताईला प्रवास आणि फोनसाठी महिना ५०० रुपये द्या, फुकट राबवू नका. वसतिगृहातल्या जेवणापासून वॉर्डातल्या त्रासापर्यंत जे मुलगी संस्थेच्या अध्यक्षांना सांगणार नाही, ते ताईला सांगते.

दर सुट्टीत दहा दिवस आपल्याच उपकेंद्रात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची गावाशी ओळख पहिल्याच वर्षी आश्रमात आणि खेड्यात राहून करून देतात, नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. तुमच्या मुलीलाही गावाने 'आपली सिस्टर' म्हणून ओळखायला ती दोन वर्षं पुरतात.

एक विषय नापास झाली तर मदत थांबवू नका, दुसरी संधी द्या. दुसऱ्यांदाही गेली तर ताई, कॉलेजच्या बाई आणि घरचे यांच्याबरोबर बसून कारण शोधा. आजारपण किंवा घरातली आपत्ती असेल तर वर्ष वाढवा. नर्सिंग तिला मुळात नकोच असेल तर करार सोडवून द्या आणि वसुलीच्या मागे लागू नका.

आठवी पायरी: निकालापासून नेमणुकीपर्यंत

निकालाच्या दिवशी तिच्या हातात कामांची यादी द्या. गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, आंतरवासितेचं प्रमाणपत्र गोळा करणं. परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज. सेवायोजन कार्यालयात नाव. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी यांच्या मुदती. नावातल्या चुका इथे पुन्हा डोकं वर काढतात. गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकलं असेल तर ते मंडळाकडून आताच दुरुस्त करून घ्या.

जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत एएनएमचं पद 'आरोग्य सेवक (महिला)' किंवा 'आरोग्य परिचारिका' अशा नावाने येतं. मुली 'एएनएम' शोधत राहतात आणि तारीख निघून जाते. पात्रतेत परिषदेची नोंदणी लागते, म्हणून नोंदणी लांबली की पूर्ण भरती हुकते. आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा पातळीवर, थोड्या दिवसांच्या मुदतीने निघतात; जिल्ह्याचं आणि जिल्हा परिषदेचं संकेतस्थळ दर सोमवारी पाहण्याची जबाबदारी संस्थेतल्या एका माणसाच्या नावावर टाका. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसाखालच्या, म्हणजे त्या क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याखालच्या, भरतीचे वाद न्यायालयात गेलेले आहेत, तिथे निव्वळ त्या एका भरतीवर विसंबू नका.

दरम्यान तिला रिकामं बसू देऊ नका. नोंदणी होईपर्यंत घरी अभ्यास, नोंदणी झाल्यावर जवळच्या धर्मादाय रुग्णालयात काम. हे काम सेवेत मोजा. एक भरती हुकली तरी तिचा हात आणि हुरूप टिकतो.

नववी पायरी: राहायचं कुठे

नेमणूक झाली की संस्थेचं काम संपलं असं समजण्याची चूक होते. उपकेंद्राच्या निवासाला दार लागतं का, कडी आतून बसते का, पाणी आहे का, फोनला रेंज कुठे मिळते, रात्री प्रसूतीला बोलावणं आलं तर सोबत कोण जाणार? हजर होण्याच्या आधी एक दिवस जाऊन पाहा. कडी, दिवा, पाण्याची टाकी ही कामं ग्रामपंचायतीकडून करून घ्या. काही होत नसेल तर जवळच्या घरात भाड्याने खोली बघा आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं संस्थेने द्यावं. रात्रीच्या सोबतीसाठी आशाताई आणि एका ओळखीच्या वाहनचालकाचं नाव भिंतीवर लिहून ठेवा.

नोंदवही साधी ठेवा. प्रत्येक मुलीमागे एक ओळ: निवड, प्रवेश, उत्तीर्ण, नोंदणी, हजर झाल्याची तारीख, १२ महिन्यांनी कुठे, २४ महिन्यांनी कुठे, अट संपल्यावर वर्षाने कुठे. गळती कोणत्या रकान्यात होते ते तीन-चार मुलींनंतर दिसू लागतं, आणि पुढच्या वर्षीचा पैसा तिकडे वळवता येतो. देणगीदारांना ही ओळ दाखवा, छायाचित्रं नंतर.

सेवेची मुदत संपायच्या तीन महिने आधी तिच्याशी शांतपणे बोला. राहायचं आहे का, जीएनएमला जायचं आहे का, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी यायचं आहे का. तिने जायचं म्हटलं तर मुदत संपते त्याच दिवशी करारमुक्तीचं पत्र द्या, अनुभवाचा दाखला मिळवून द्या, आणि पुढच्या मुलीची ताई होशील का असं विचारा.